कांचळी आणि झिगझॅग मशीन

12 जानेवारी 2025, रविवार. आदिलाबाद

सकाळी बोटं वळत नव्हती. तेलंगणातल्या थंडीची बातमी छापताना पेपरवाले आधी आमच्या जिल्ह्याकडं बघतात, ते काही उगाच नाही. संक्रांत परवावर आलेली, त्यामुळं दुकानात दोन्हीकडची गर्दी. मराठी घरांतल्या बायकांना हळदीकुंकवासाठी काळ्या साडीवरचे ब्लाऊज हवेत, तेलुगू घरांतल्यांना पट्टुसाडीवर मग्गम वर्क. मागच्या खोलीत मग्गमची चौकट रात्री दहापर्यंत चालू असते. कापड ताणून बसवायचं, एका हातानं दोरा खालून धरायचा, वरून आरीची सुई खुपसून तो ओढून घ्यायचा. मणी आधीच सुईच्या दांडीवर चढवून ठेवलेले असतात. दोऱ्याचा फास वर आला की एक मणी त्यात सरकतो. हात बसला की डोळे मिटूनही होतं. पाठीचं मात्र वाटोळं होतं.

दुपारी उटनूरकडची एक मुलगी आली. लंबाडा म्हणजे बंजारा घरातली, हैदराबादेत कंप्युटरच्या नोकरीत. पिशवीतून आजीची कांचळी, म्हणजे भरतकामाची चोळी, काढली. फाटलेली, बाहीला बुरशीचा वास. म्हणाली, “काकू, नवीन फ्लॅटच्या भिंतीसाठी याचं काहीतरी करून द्या. मागं डोंगर, कापसाचं शेत, कुंतालाचा धबधबा, सगळं मशीननं काढा. मधे ही कापून लावा.”

करते म्हटलं. कापायचं मात्र नंतर बघू म्हटलं.

16 जानेवारी, गुरुवार

संक्रांतीमागून कणूमही उरकली. आज निवांत कांचळी उजेडात पसरली. पाठ उघडी, बांधायला नाड्या. दंडावर, छातीवर आणि खालच्या काठाला काम गच्च. मधला भाग जवळजवळ कोरा. आधी वाटलं, दिसतं तिथं नटवलंय. मग नाडीच्या मुळाशी बोट फिरवलं. तिथं कापडाचे तीन थर, त्यांतून आरपार घातलेले आडवे टाके, आणि वर पांढऱ्या दोऱ्याची जाळी. रोज ओढ बसायची ती नेमकी या जागी. बाहीच्या कडेला कवड्या, म्हणजे कड उसवायला वावच नाही. कापड विरलंय ते कोऱ्या मधल्या भागात. भरलेला भाग अजून दणकट आहे.

आमच्या धंद्यात ब्लाऊज शिवून झाला की वरून नक्षी चढवतात. इथं नक्षीनंच शिवण धरून ठेवलीय. तेव्हा कापायचं नाही, हे ठरलं.

एका आरशाभोवतीचा दोरा तुटलाय, म्हणून आतली रचना दिसली. आधी काचेवर उभे-आडवे चार दोरे, त्या चौकटीत सुई अडकवत गोल फिरलेला टाका. काचेला भोक नाही, खळ नाही. नुसत्या ताणावर बसलीय. काच पातळ, वाकडी, कडेला दातेरी, म्हणजे हातानं कापलेली. गुजरातेत कपडवंजला काचेचे मोठे गोळे फुगवून, आतून चकाकी देऊन, ते फोडून असे आरसे काढत आले. आता बाजारात एकसारखे गोल आरसे मिळतात, काही तर प्लास्टिकच्या रिंगेत दोरा गुंडाळून तयार. चिकटवलं की झालं. मीही लावते, खोटं कशाला बोलू. पाचशे रुपयांच्या ब्लाऊजला हाताचा आरसा परवडत नाही.

रंगाची परीक्षा घेतली. ओला पांढरा कपडा दाबून धरला, तर तांबडा उतरला. धुण्याचा विचार सोडला. सावलीत वारा, मऊ ब्रश, एवढंच.

19 जानेवारी, रविवार

गुडीहत्नूरच्या बाजूला मथुरा लभानांची वस्ती आहे. ओळखीच्या एका आजींना भेटायचं होतं, कारण कवडीकामात या भागात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. मथुरावाले स्वतःला इतर बंजाऱ्यांपासून वेगळे मानतात. बायकांचा उंच अंबाडा आणि त्यावरून सोडलेला पदर लांबूनच ओळखू येतो.

आजींनी पेटीतून लग्नातली चुंबळ काढली. तिला मागं चौकोनी पट्टी लोंबते, तिला गला म्हणतात. डोक्यावर घडा ठेवला की गला मानेवर येतो. चुंबळीला गोलाकार कवड्या, गल्यावर मातकट लाल, पिवळा, निळा. कापड दिसतच नाही इतके दाट टाके. खुणा कुठं केल्या असतील म्हणून उजेडात धरून पाहिलं. एकही रेघ नाही.

“छाप कशाला पाहिजे? धागे मोजायचे,” आजी म्हणाल्या. “चार सोडायचे, चार घ्यायचे. चुकलं तर पुढच्या ओळीत कळतं.”

“आणि आता मोजता येतात?”

“डोळ्यांना दिसत नाहीत. नखाला कळतात.”

त्यांनी माझ्या हातातला मांजरपाट चिमटीत धरला आणि नाक मुरडलं. गिरणीच्या बारीक कापडात धागे मोजता येत नाहीत. जाडंभरडं, सरळ विणीचं पाहिजे. तसं कापड आता त्यांनाही मिळत नाही, म्हणून नाती करतात ते काम ढोबळ. हात बिघडला नाही, कापड बदललं. तरुण पोरींना शिकायची हौस नाही, असं भाषणांत सांगतात त्यांनी एकदा कापडाच्या दुकानात जाऊन बघावं.

कवडीही दाखवली. पाठ घासून सपाट केलेली, आतून दोरा जावा म्हणून. दोन बाजूंनी टाके घेऊन पोट वर ठेवायचं. या मालदीवच्या समुद्रातल्या. एके काळी चलन होतं हे. मीठ, धान्य बैलांवर लादून मुलूखभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांच्या हाती त्या येणारच. फौजांना रसद पोचवणारे तांडे होते हे, मोगलांच्या, निजामाच्या, इंग्रजांच्या. पुढं आगगाडी आली, मिठाचा व्यापार सरकारनं ताब्यात घेतला आणि बैल बसले. 1871च्या कायद्यात कितीक ठिकाणी त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून टाकलं. 1952 पर्यंत तो शिक्का होता.

निघताना आजींनी ओंजळभर कवड्या दिल्या. पैसे घेतले, आणि मोजून घेतले. आवडलं मला.

23 जानेवारी, गुरुवार

आज मशीनचं काम. ब्लाऊज बाजूला सारून सकाळीच बसले. झिगझॅग मशीनचा पाय काढला, दाते खाली केले. आता कापड पुढं सरकवणारं कुणी नाही. मशीन नुसतं सुई वरखाली करणार, रेघ माझ्या हातानं. रिंग उलटी लावली, म्हणजे कापड पाट्यावर टेकतं. वरचा दोरा थोडा सैल, म्हणजे बॉबिनचा वर डोकावत नाही. गुडघ्यानं पट्टी दाबली की टाका रुंद होतो, सोडली की निमुळता. पळसाचं पान असंच निघतं. देठाला गुडघा सैल, मधे दाबायचा, टोकाला पुन्हा सोडायचा.

पाय आणि हात यांचं जमलं पाहिजे. मोटार पळते आणि हात अडखळतो, तर खाली दोऱ्याचा गुच्छा. हात झटका देतो, तर सुई तुटते. हे काही आजकालचं फॅड नव्हे. सिंगर कंपनीनं शंभर वर्षांपूर्वी पायमशीनवर असं भरतकाम शिकवायची पुस्तकं काढली होती. आमच्या गल्लीत ते उस्तादांकडून शिकतात, पुस्तक कुणी पाहिलेलं नाही.

डोंगर तीन रंगांत काढले, मागचे फिके. धबधबा ठेवला नाही. मुलीला फोन करून सांगितलं की कुंताला, कापूस, आजी असं सगळं एका चौकटीत कोंबलं तर कॅलेंडर होईल. ती जरा रुसली. कापूस ठेवला. त्यासाठी खरा कापूस वापरायचा मोह झाला होता, मार्केट यार्डाबाहेर रस्त्यावर ढिगानं पडलेला असतो. पण त्यात कीड येते. पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मारल्या.

मशीनचं सगळं आधी संपवायचं, हा नियम. हजारो टाक्यांनी कापड आवळतं, चुण्या पडतात. ते ताणून, ओल्या कपड्यावरून इस्त्री करून सरळ झालं की मगच हाताचं काम, आणि मणी सगळ्यांत शेवटी. मण्यावर मशीनची सुई आदळली तर दोघांपैकी एकाचं मरण.

28 जानेवारी, मंगळवार

केस्लापूरला नागोबाची जत्रा सुरू. गोंडांतल्या मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी घेऊन आलीत, रात्री पूजा. मी दिवसा जाऊन आले. नव्या सुनांना पांढऱ्या साड्यांत देवापुढं आणतात, तो सोहळा यंदाही गर्दीत हुकला. मण्यांच्या दुकानात जुन्या पद्धतीचे काचेचे मणी मिळाले, थोडे लहानमोठे. माळेच्या बाजूला प्लास्टिकचे, हुबेहूब. दाताला लावून बघितले. काच गार लागते.

4 फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

हळदीकुंकवं आज संपली. सुटले.

कांचळी बसवली. पाठीमागं जाड केसमेंट कापड, त्यावर मशीनचं चित्र. विरलेल्या भागावर त्याच रंगाची तलम नेट पांघरली आणि कडेनं बारीक टाके घातले. जुन्या धाग्याला सुई कुठंही टोचली नाही, दोन धाग्यांच्या मधून काढली. पेलायला लावले ते टाके भरलेल्या दणकट भागातून.

मग मणी. कापसाच्या ओळींत विखरून टाकायचे होते, पण हात आपोआप काठाकडं जाऊ लागला. वजनाचंही तसंच आहे. मधे मणी लावले तर कापडाला पोट सुटतं. खालच्या काठाला लावले तर तेच वजन चित्र ताणून धरतं. म्हणून आजींच्या कवड्याही खाली, एका ओळीत, प्रत्येकीचा दोरा मागच्या थरापर्यंत नेऊन स्वतंत्र गाठ. एक तुटली तर शेजारची जागेवर राहते. माळ ओवून शिवणं पटकन होतं, पण एक दोरा गेला की सगळ्या ओघळतात.

9 फेब्रुवारी, रविवार

किनवटची मावसबहीण नंदीग्राम एक्स्प्रेसनं आली. तिला दाखवलं. म्हणाली, गोव्यात अंजुनाच्या बाजारात अशा कांचळ्या कापून केलेल्या पिशव्या बघितल्या. विकणाऱ्या लमाणी बायकाच. मला राग आला नाही. पोट त्यांचं आहे, पेटीतली कांचळीही त्यांचीच. राग येतो तो एका पिशवीत तीन आजींचे तुकडे जोडून वर “अस्सल” लिहिणाऱ्या दुकानांचा.

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बायका टाके नावानिशी सांगतात, किलान, वेले, बख्या, माकी, पोते, कवडी. 2023 मध्ये हंपीला जी-20च्या वेळी साडेचारशेच्यावर बायकांनी केलेल्या 1755 वस्तू मांडून गिनीजमध्ये नाव नोंदवलं. आमच्या आदिलाबादचं ढोकरा धातुकाम मानांकनापर्यंत पोचलं, मथुरा आजींचा गला अजून पेटीत.

बहिणीच्या शेजारी बंजारा घर आहे. तिकडं ते विमुक्त जातीत, इकडं राज्याची हद्द ओलांडली की 1976च्या कायद्यानं अनुसूचित जमातीत. सोयरिकी दोन्हीकडं. दाखल्याच्या रकान्यावरून भांडणं होतात, टाक्यावरून नाही.

15 फेब्रुवारी, शनिवार

बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांची जयंती, म्हणून मुलगी सुट्टी काढून आलेली. सोबत आई. अंगावर फेटिया घागरा नाही, साधी साडी, पण दंडावर जुन्या बांगड्यांचे वळ. आईनं चित्राकडं पाहिलं नाही. सरळ कांचळीच्या नाडीला हात घातला, मग मागून उलटवून बघितलं.

“हे निघतं का?”

“निघतं,” म्हटलं. “मागं तांबड्या दोऱ्यानं जिथं खूण केलीय ना, तेवढेच टाके कापायचे. बाकी चित्र जसंच्या तसं राहील.”

“हिच्या लग्नात काढीन. मधलं कापड बदलावं लागेल.”

“आई, ते जुनंच राहू दे ना,” मुलगी म्हणाली.

“जुनं घालून नाचशील तर उसवेल. काठ तोच ठेवू, मधे नवं लावू. तुझ्या आजीनं पण तिच्या आईच्या काठाला नवं कापड लावलं होतं.”

मी पुन्हा भिंग घेतलं. खरंच, काठाचा दोरा आणि दंडाचा दोरा एका पिळाचे नाहीत. दोघींचं वाजलं ते नव्या कापडाच्या रंगावरून. आईला गर्द लाल, पोरीला मातकट. शेवटी दोघी मलाच म्हणाल्या, तुम्ही सांगा. मी जाडंभरडं, सरळ विणीचं कापड आधी शोधून आणा म्हटलं. रंगाचं नंतर.