एकट्याने उचलता येईल इतकी

२०२३ च्या जुलैत एका रात्री पावणेदोनला आईचा फोन आला. "बाबांच्या छातीत दुखतंय. घाम खूप आलाय. तू येतोस का?"

आई कधी 'येतोस का' असं विचारत नाही. सरळ 'ये' म्हणते. ते 'का' ऐकलं आणि मी उठलोच.

मी पेणला भाड्याने राहतो. ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातून तीन दिवस जायचं, उरलेले दोन दिवस घरून काम. आई-बाबा रोह्याला. नोकरी आणि घर यांच्या मधलं गाव म्हणूनच मी पेण निवडलं होतं. पेणहून वडखळ, मग नागोठणे, तिथून हायवे सोडून भिसे खिंड, आणि खिंड उतरली की रोहा. चाळीसेक किलोमीटर. दिवसा तासाभराचा रस्ता.

माझ्याकडे तेव्हा मोठी टूरिंग बाईक होती. पहिल्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी हप्त्यांवर घेतलेली. कंपनी सांगत नाही, कारण नाव सांगितलं की वाचणारा लगेच बाजू घेतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. वजन दोनशे किलोच्या आसपास. त्यावर मी लावलेले लोखंडी गार्ड, मागचा बॉक्स, फुल टाकी. एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगतो की जवळजवळ चार वर्षांत ती एकदाही रस्त्यात बंद पडली नव्हती. मित्रांमध्ये मी तिची हीच फुशारकी मारायचो.

त्या आठवड्यात अख्ख्या जिल्ह्यावर पाऊस कोसळत होता. इर्शाळवाडीवर दरड पडून दोनतीन दिवस झाले होते. रात्री फोन वाजला की सगळ्यांच्याच पोटात गोळा येत होता. वडखळपर्यंत ट्रकांच्या मागून, नागोठण्यापर्यंत खड्ड्यांतून आलो. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा मी शाळेत होतो. नोकरीला लागलो तरी डायव्हर्जनचे बोर्ड तिथेच. नागोठण्याच्या पुढे खिंडीच्या अलीकडे एका मोरीचं काम चाललं होतं. बाजूने मातीचा कच्चा रस्ता काढलेला, आणि त्या पावसात त्याचा चिखल झालेला.

स्पीड पंधरा असेल फार तर. पुढचं चाक सरकलं आणि गाडी डाव्या बाजूला हळूच, जवळजवळ सावकाश, आडवी झाली. मला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीलाही काही झालं नाही. हेडलाइट चालूच होता, गटाराच्या कडेचं गवत उजळून निघालं होतं.

फक्त ती उचलता येईना.

पद्धत मला माहीत होती. गाडीकडे पाठ करायची, हँडल पूर्ण वळवून एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताने मागची पकड, कंबर सीटला टेकवायची आणि हाताने न ओढता पायांनी मागे रेटत जायचं. पार्किंगमध्ये एकदा करूनही पाहिलं होतं. पण पार्किंगला फरशी असते. इथे पाय रेटला की बूट चिखलात घसरत पुढे जायचा. तीनदा अर्ध्यापर्यंत आली आणि तीनदा परत पडली. चौथ्यांदा पाठीत कळ आली आणि मी तिथेच बसलो.

आईला फोन लावला. शेजारच्या काकांनी बाबांना त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. "तू कुठपर्यंत आलास?" मी म्हटलं, "खिंडीपाशी आहे, पोचतोच." ते खोटं होतं. म्हणजे खिंडीपाशी होतो, पण पोचत नव्हतो.

पस्तीस मिनिटांनी एक टेम्पो आला. ताडपत्रीखाली पेणच्या गणपतीच्या मूर्ती. ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा पोरगा उतरले. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, एकट्याच्यानं नाय व्हायाचं ते. थांब." तिघांनी मिळून एका दमात गाडी उभी केली. मी सेल मारला आणि ती पहिल्याच सेलला सुरू झाली. मी आभार मानले, तर तो म्हणाला, "आमी हळूच चाललोय. शाडूच्या हायेत. जड पन असतात आनि धक्का पन सोसत नाय."

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. इंजेक्शन देऊन झालं होतं, बाबा ऑक्सिजनवर शांत पडले होते. सकाळी त्यांना नवी मुंबईला हलवलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. आज ते ठणठणीत आहेत. मी अर्धा तास आधी पोचलो असतो तर उपचारांत काहीच फरक पडला नसता, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मला पटतंही. पण कागदांवरच्या सह्या आईने एकटीने केल्या होत्या. तिची सही एरवी वळणदार असते. ते कागद फाइलमध्ये आहेत. त्या सह्या मला बघवत नाहीत.

*

कामाच्या ठिकाणी माझं अर्धं आयुष्य सिस्टिम बंद पडू नये यासाठीच जातं. आमच्याकडे '९९.९ टक्के' हा शब्द सहज फेकला जातो. त्याचा अर्थ वर्षभरात साधारण पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. एक, दोन बिघाडांच्या मध्ये सरासरी किती वेळ जातो. दोन, बिघाड झाल्यावर दुरुस्तीला सरासरी किती वेळ लागतो. पहिल्याला पहिला अधिक दुसरा यांच्या बेरजेने भागलं की सिस्टिम किती काळ उपलब्ध आहे ते कळतं. नवशिक्या माणसाचं सगळं लक्ष पहिल्या आकड्याकडे असतं, काही बिघडूच नये. जरा मुरलेला माणूस दुसऱ्या आकड्याच्या मागे लागतो. बिघडणार तर आहेच, मग उभं किती लवकर करता येईल?

बाईक घेताना मी नवशिक्याच होतो. इंजिन किती टिकतं, कुठल्या मॉडेलचं काय जातं, हे तासन्‌तास वाचलं होतं. आणि त्या रात्री मशीनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलेली सिस्टिम वेगळीच होती: गाडी, रस्ता, पाऊस आणि मी. एकामागे एक जोडलेल्या भागांची विश्वासार्हता गुणाकाराने ठरते. चार भाग प्रत्येकी नव्वद टक्के भरवशाचे असले तरी एकत्र मिळून ६६ टक्क्यांच्या खाली येतात. मी एका भागाला शंभरच्या जवळ नेऊन ठेवलं होतं, आणि त्याच्याच वजनाने दुसरा भाग, म्हणजे मी, खाली ओढला गेला होतो.

घरी आल्यावर हे मी बाबांना सांगितलं. बाबा धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कारखान्यात फिटर होते, तीस वर्षं. मेंटेनन्स डिपार्टमेंट. गुणाकार त्यांनी ऐकून घेतला. मग म्हणाले, "आमच्याकडे महत्त्वाच्या जागी दोन पंप असायचे. एक चालू, एक स्टँडबाय. तुझ्याकडे स्टँडबाय कुठंय?"

"बाइकला कसला स्टँडबाय, बाबा?"

"मग चालू आहे तो तरी असा घे, जो रात्रपाळीचा एकटा माणूस उघडून बसवू शकेल."

बाबांकडे १९९८ ची स्प्लेंडर होती. ९७.२ सीसी, वजन एकशेदहा किलोच्या आसपास. त्या इंजिनाचं घराणं होंडाच्या कबपर्यंत जातं. जपानमध्ये १९५८ साली आलेली ती छोटी गाडी २०१७ पर्यंत दहा कोटींवर बनली. तिच्यापेक्षा दणकट गाड्या जगात भरपूर झाल्या. पण हलकी, साधी आणि गावातल्या कुणालाही दुरुस्त करता येईल, या तीन गोष्टी तिने एकत्र आणल्या. बाबांची स्प्लेंडर लहानसहान कारणांनी बऱ्याचदा बंद पडायची. प्लग, केबल, कार्बोरेटरमध्ये कचरा. मला आठवतं, चणेऱ्याच्या रस्त्याला बाबा उकिडवे बसून प्लग पुसतायत आणि आई बाजूला मला बिस्किट देतेय. पण पोचलो नाही असं कधी झालं नाही.

*

मोठी बाईक विकायला मला आठ महिने लागले. अडचण पैशांची नव्हती, आपण कमी पडलो असं कबूल करण्याची होती. ती गाडी घेऊन मी गोव्याला गेलो होतो, हंपीला गेलो होतो. हलकी गाडी घेणं म्हणजे खाली उतरणं, असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं. सोसायटीतला एक जण म्हणालाही, "काय रे, डिमोशन?"

हलक्या टूरिंग गाड्यांमध्ये आज बरेच पर्याय आहेत. अंदाजासाठी सांगतो: हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो आहे, तर एक्सपल्स २०० ४व्ही १६० किलोच्या आत. कागदावर हा पस्तीसेक किलोंचा फरक किरकोळ वाटतो. चिखलात उभं राहिलं की तेवढाच फरक म्हणजे सगळं काही. मी त्या खालच्या वजनगटातली एक सेकंडहँड गाडी पाहिली. एक सिलिंडर, रेडिएटर नाही, तारांची चाकं. म्हणजे ट्यूब आली, पंक्चर काढणं किचकट झालं. हा तोटा मी वहीत लिहून ठेवला. हायवेला नव्वदच्या पुढे ती धापा टाकते. शेजारून कंटेनर गेला की हलते. बायको म्हणते सीट म्हणजे पाट आहे. हे सगळं खरं आहे.

विकत घेण्याआधी मालकाला विनंती करून ती रोह्याला आणली. बाबांनी अंगणात दोन गोणपाटं टाकली. म्हणाले, "आडवी पाड."

मालक दचकला. मी त्याला समजावलं आणि गाडी हळूच गोणपाटावर झोपवली. मग बाबांनी बादलीभर पाणी माझ्या पायाशी ओतलं, लाल माती पायाने कालवली आणि म्हणाले, "आता उचल."

पहिल्या प्रयत्नात अर्धवट आली. दुसऱ्यात उभी राहिली.

"परत."

तीनदा पाडली, तीनदा उचलली. शर्ट भिजला. बाबा पायरीवर बसून घड्याळ बघत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. आता इंजिन ऐकू."

आम्ही ती घेतली, आणि बाबांनी तिच्यासाठी शंभरपानी वही घातली. कारखान्यात असायची तशी. तारीख, किलोमीटर, काय झालं, काय केलं, बंद वेळ. गेल्या सोळा महिन्यांत वहीत बंद पडल्याच्या तीन नोंदी झाल्या. पेणला फ्यूज, दहा मिनिटं. कोलाडजवळ पंक्चर, पन्नास मिनिटं, कारण ट्यूब बदलण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. तिसरी किनाऱ्याच्या ट्रिपमध्ये.

ती ट्रिप मी आणि बायकोने डिसेंबरात केली. रोह्याहून रत्नागिरी, पण हायवे न धरता समुद्राच्या कडेने. वाटेत चार खाड्या जेट्टीने ओलांडायच्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. जेट्टीवर बोटीची लोखंडी फळी ओली असते, आणि चढताना मागून रिक्षावाला घाई करत असतो. जुन्या गाडीवर हे माझ्यासाठी संकट होतं. श्वास रोखून चढायचो. या वेळी दिघीला बोटीत उभं असताना लक्षात आलं की आपण समुद्राकडे बघतोय. गुहागरच्या अलीकडे क्लच केबल तुटली. नवी केबल जुनीच्या बाजूने आधीच ओढून ठेवलेली होती, बाबांची युक्ती. पंचवीस मिनिटांत निघालो.

म्हणजे हिशोब असा: चार वर्षांत एकदाही बंद न पडलेली गाडी मला सगळ्यात गरजेच्या रात्री पोचवू शकली नाही. आणि सोळा महिन्यांत तीनदा बंद पडलेली गाडी दर वेळी तासाभराच्या आत पुढे निघाली. यातून सगळ्यांनी हलकीच गाडी घ्यावी असं मी म्हणत नाही. ज्याला रोज हायवेने तीनशे किलोमीटर मारायचेत त्याचा हिशोब वेगळा येईल. माझ्या हिशोबात रात्र आहे, भिसे खिंड आहे आणि पलीकडे वाढत्या वयाचे आई-बाबा आहेत. प्रत्येकाने गाडी घेण्याआधी आपली ती रात्र कोणती, एवढं आठवून बघावं.

गेल्या पावसाळ्यात चणेऱ्याच्या पुढे बारीक खडीवर मी पुन्हा पडलो. दिवस होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. उठलो, पाठ लावली, पाय रोवले, गाडी उभी केली. मोरीचं काम कधीच संपलंय, पण मला तीच जागा आठवली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, वही काढली, तारीख घातली, किलोमीटर विचारले. 'काय झालं' मध्ये लिहिलं: पडली. 'काय केलं' मध्ये: उचलली. 'बंद वेळ' मध्ये: १ मिनिट. आणि समाधानाने वही मिटली.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. वहीत नसलेला एकच प्रश्न तिने विचारला.

"तुला कुठे लागलं?"