काझीगुंडची रात्र आणि दाचीगामची सकाळ

आमच्या धाकट्या मुलीने सातवीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानावर प्रकल्प केला होता. त्यासाठी आम्ही कल्याणहून ठाणे आणि ठाण्याहून येऊर असे दोनदा जाऊन आलो. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. मुंबईला पाणी हवे म्हणून हे डोंगर राखले गेले आणि त्यामुळे बिबट्यालाही घर राहिले, असे तिने वहीत लिहिले. पुढे वाचता वाचता तिला दाचीगाम सापडले. श्रीनगरजवळचे हे जंगलही 1910 साली शहराच्या पाण्यासाठीच राखले गेले होते आणि 1981 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. हंगूल हे काश्मिरी हरीण तिथेच तग धरून आहे. ते हिवाळ्यात खाली उतरते, म्हणून जायचे तर थंडीतच, असा तिचा हट्ट. अम्मींचे म्हणणे एवढेच, की डोळे मिटण्यापूर्वी एकदा बर्फ हातात घ्यायचा आहे, आणि तोही फ्रिजमधला नव्हे, आभाळातला.

डिसेंबर 2024 मध्ये नाताळच्या सुट्टीला जोडून आम्ही निघालो. अम्मी, आम्ही दोघे आणि दोन मुली. जम्मूपर्यंत रेल्वे आणि 27 तारखेला, जुम्याच्या पहाटे, भाड्याच्या गाडीने श्रीनगरचा रस्ता धरला. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा, मग रामबनचे ते वळण, जिथे एका बाजूला चिनाब आणि दुसऱ्या बाजूला कधीही घसरेल असा डोंगर. ड्रायव्हरभाई तिथे बोलायचे थांबले, तसे आम्हीही थांबलो. बनिहालनंतर साडेआठ किलोमीटरचा दुसरा बोगदा. त्यात शिरलो तेव्हा रिमझिम होती. पलीकडे काझीगुंडला बाहेर पडलो आणि मुली ओरडल्याच. सगळे पांढरे झाले होते.

अम्मींनी काच खाली करून हात बाहेर काढला. तळहातावर पडलेला बर्फ त्यांनी ओढणीला पुसला, पुन्हा हात काढला. "कापसासारखा आहे गं," म्हणाल्या. आमची सफर तिथेच वसूल झाली.

ती खुशी अर्धा तास टिकली. पुढच्या गाड्या थांबल्या, मागून येऊन आणखी थांबल्या. बर्फ वाढत गेला. मगरिब झाली. डिझेल वाचवायचे म्हणून ड्रायव्हरभाईंनी इंजिन बंद केले आणि पंधरा मिनिटांत पायांची बोटे बधिर झाली. अम्मींना दम्याचा त्रास आहे. त्यांचा श्वास वाजू लागला. पंप बॅगेत होता, बॅग टपावर होती आणि टपावर वीतभर बर्फ. मोबाइल लागेना. आम्ही आयतुल कुर्सी पढत होतो आणि मनात एकच विचार, म्हाताऱ्या माणसाला इथे आणायची काय गरज होती?

इशाच्या सुमारास काचेवर टकटक झाली. फेरन घातलेली चार-पाच पोरे हातात टॉर्च घेऊन एकेका गाडीपाशी येत होती. "बुजुर्ग कोई हैं? बच्चे?" एवढेच विचारत होती. आधी टपावरची बॅग काढली. अम्मींना दोघांनी धरून नेले. बायका-मुलांना घरांत आणि पुरुषांना मशिदीच्या हमामात. हा हमाम म्हणजे न्हाणीघर नव्हे. दगडी फरशीची खोली, फरशीखाली भुयार, त्यात लाकडे जळतात. फरशी गरम राहते आणि वुजूचे पाणीही. त्या फरशीवर त्या रात्री लुधियानाचे दोन तरुण होते, गुजरातचे एक कुटुंबप्रमुख होते, ट्रकवाले होते. मुकीम जमातीने नमाज पढली तेव्हा ते भिंतीशी सरकून बसले, नंतर पुन्हा पाय पसरले. कोण कोणत्या धर्माचा, हे कुणी विचारले नाही. नंतर कळले, त्या रात्री हमरस्त्यावर शेकडो वाहने अडकली होती आणि काश्मीरमध्ये ठिकठिकाणी मशिदी आणि घरे अशीच उघडली गेली होती.

ज्या घरी अम्मी आणि मुली होत्या तिथे दोनच खोल्या. घरच्यांनी आपली रजई त्यांना दिली आणि स्वतः चुलीच्या खोलीत बसून रात्र काढली. कांगडी अम्मींच्या फेरनमध्ये सरकवली. फेरनही त्यांचेच. जेवणात भात आणि हाकची भाजी. भात पाहून अम्मींच्या जिवात जीव आला. मग मीठ घातलेला गुलाबी नून चाय. तो त्यांनी दोन घोटांत संपवला आणि मुलींकडे असे पाहिले, की काही बोलू नका.

त्या रात्री आमच्यापैकी मोठ्यांना झोप लागली नाही. थंडीने नव्हे. 26 जुलै 2005 आठवत होता.

तेव्हा आमचे लग्न होऊन वर्ष झाले होते. कल्याणला दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. लोकल बंद, रस्ते पाण्याखाली. रात्री दार वाजले. नवरा, बायको आणि कडेवर मूल. डोंबिवलीहून रुळांतून चालत आलेले, जायचे बदलापूरला. "सकाळपर्यंत बसू द्या," म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. जागा लहान, माणसे अनोळखी, घरात नवी नवरी. आम्ही त्यांना चहा दिला, मुलाला दूध आणि टॉवेल दिला आणि जिन्यातच बसा म्हणून दार लावून घेतले. फजरला उघडले तेव्हा ते गेले होते. कप विसळून दाराशी उपडे ठेवले होते. टॉवेल घडी करून.

त्या दिवसांत लोकांनी अनोळखी माणसांना घरी नेल्याच्या किती हकिगती आम्ही नंतर ऐकल्या! त्या बोलण्यात आम्ही कधी तोंड उघडले नाही. वर्गात मात्र वीस वर्षे मुसाफिराचे हक शिकवत आलो. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा 'इब्नुस्सबील', वाटेवरचा माणूस. मुले पाठ करतात, आम्ही गुण देतो. काझीगुंडला कळले, की हा हक मागायची वेळ आपल्यावरही येते. आणि मागावा लागलाच नाही. त्यांनीच येऊन काच वाजवली.

दुसरा दिवसही तिथेच गेला. निघताना आम्ही पैसे पुढे केले तेव्हा घरच्या चाचांनी हात मागे घेतला. "आप हमारे घर आए, हम आपके घर कब आएँगे, मालूम नहीं," म्हणाले. पत्ता लिहून दिला. त्यांनी तो कुराण शरीफच्या कपाटात ठेवला.

तिसऱ्या दिवशी श्रीनगर आणि त्यानंतरच्या सकाळी दाचीगाम. परवाना आधीच काढला होता. हारवनच्या जलाशयाजवळून आत शिरलो. जिथवर बर्फ हटवला होता तिथवर गाडी, मग वनरक्षकामागून पायी. दाचीगाम म्हणजे दहा गावे. राखीव जंगल करताना उठवलेल्या गावांची ती आठवण. काश्मिरीतही दहाला 'दह' म्हणतात हे ऐकून मुली खूश झाल्या. हे जंगल 141 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवली-येऊरच्या जंगलापेक्षा फार मोठे नाही. शंभर वर्षांपूर्वी हंगूल हजारोंनी होते, 2021 च्या गणनेत 261. चिल्लई कलां, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, सगळ्यांत कडक थंडीचे. वरचे गवत बर्फाखाली गाडले जाते, तेव्हा ते खालच्या दरीत, माणसांच्या जवळ उतरतात.

वनरक्षकाने दुर्बीण दिली. पलीकडच्या उतारावर, निष्पर्ण झाडांमध्ये, पाच माद्या आणि एक पिल्लू. बराच वेळ हललेच नाहीत. "इथे त्यांना कुणी हाकलत नाही ना?" मुलीने विचारले. "मना है," वनरक्षक म्हणाला. गाडीत बसलेल्या अम्मींना तिने हे सांगितले. अम्मी एवढेच म्हणाल्या, "अल्लाहने त्यांचाही बंदोबस्त केलाय."

परत आल्यावर आम्ही मुलींना त्या उपड्या कपांची गोष्ट सांगितली. सांगायला अवघड गेले. थोरलीने विचारले, "मग ते बदलापूरला पोचले का?" याचे उत्तर आमच्याकडे नाही. कधी मिळणारही नाही. तौबा करायची आणि दुआ मागायची, एवढेच हातात आहे.

जानेवारीत आम्ही दोन गाद्या आणि चार चादरी जास्तीच्या घेतल्या आणि माळ्यावर ठेवल्या. नातेवाइकांसाठी नव्हेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अजून कुणी आलेले नाही. पण पावसात लोकल थांबल्याची बातमी आली, की आमच्यापैकी कुणीतरी खाली जाऊन फाटकाशी पाहून येते.