आमचे जपानी अध्ययन

नैरोबीस येऊन आम्हांस वीस वर्षे होत आली. या शहराच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारींपैकी बहुतेक जपानात एकदा वापरून झालेल्या असतात. आठ वर्षांहून जुनी गाडी देशात आणू नये, असा येथील सरकारचा नियम आहे. त्या मर्यादेत बसणारी एक टोयोटा आम्हीही मागे घेतली. तिला एक खोड होती. किल्ली फिरविली की ती मंजुळ स्त्रीकंठाने जपानी भाषेत एक वाक्य बोले आणि गप्प बसे. अशा बोलक्या गाड्या येथे पुष्कळांच्या दारी आहेत. त्या काय म्हणतात याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आपले स्वागत करीत असावी, अशी समजूत करून घेऊन आम्ही रोज सकाळी कचेरी गाठीत असू.

चौकशी केली ती आमच्या कन्येने. शालान्त परीक्षा आटोपताच तिने जाहीर केले, "बाबा, मला जपानी शिकायचं आहे." केवळ गाडीचे बोलणे समजावे, एवढाच तिचा हेतू नव्हता. जपान सरकार परदेशी विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देते. पदवीसाठी गेलेल्यांचे पहिले वर्ष तेथे मुख्यतः भाषेच्या तयारीतच जाते. येथूनच थोडी शिदोरी बांधून न्यावी, असा तिचा विचार होता. विचार चांगला होता. परंतु शिकवणीच्या शोधास निघाल्यावर आमचे डोळे उघडले.

नैरोबीत परभाषा शिकण्याची सोय नाही असे नाही. फ्रेंचांची आलियाँस फ्रान्सेज आहे, जर्मनांची गटे इन्स्टिट्यूट आहे. चिनी शिकावयाची तर नैरोबी विद्यापीठात 2005 सालापासून कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट उभी आहे. आफ्रिकेतील ती पहिलीच. जपानची गोष्ट वेगळी. भाषेचा व संस्कृतीचा प्रसार करणाऱ्या जपान फाउंडेशनची या अवाढव्य खंडात एकच कचेरी आहे, आणि ती कैरोस! केनियाला जपानने साहाय्य केले नाही असे कोण म्हणेल? जूजा येथील शेती व तंत्रविद्येचे विद्यालय 1981 साली जपानच्याच मदतीने निघाले आणि पुढे त्याचे विद्यापीठ झाले. आफ्रिकेच्या विकासासाठी जपान जी परिषद भरवितो, ती आफ्रिकेच्या भूमीवर प्रथम भरली ती 2016 साली याच नैरोबीत. परंतु यंत्रे जितकी मुबलक आली, तितके भाषाशिक्षक आले नाहीत. आणि जिन्नस थोडा असला की त्याचे मोल चढते, हा बाजाराचा नियम विद्येसही चुकत नाही. एका ठिकाणी आम्हांस तीन महिन्यांचे पंचवीस हजार शिलिंग सांगितले. जपानात शिकून आलेल्या एक केनियन बाई घरी येऊन शिकवीत. त्यांचा दर तासास दीड हजार.

त्या वर्षी आमच्या कचेरीत पगारवाढ झालेली नव्हती. "जपानी येऊन का कोणाचे पोट भरते?" असे विचारून आम्ही तो विषय मिटविला. कन्या काही बोलली नाही. विद्येच्या बाबतीत आमच्या घराण्याने कधी हात आखडला नाही, असे चारचौघांत सांगणाऱ्या आम्हांला त्या रात्री नीट झोप लागली नाही, हे येथे कबूल करणे बरे. पाणी पिण्यास उठलो, तो तिच्या खोलीतून हलका आवाज येत होता. जपानच्या नभोवाणीचे भाषेचे धडे ती ऐकत होती. तेही स्वाहिलीतून आणि फुकट!

पुढे आठ-दहा दिवसांनी गाडी दुरुस्तीस नेली. हाताखालचा तरुण कारागीर झाकणाखालील चिठ्ठी बोट ठेवून वाचू लागला, "ओ-इ-रु." म्हणजे तेल. आम्ही थक्क झालो. विचारता कळले की, जपान फाउंडेशनने 2020 साली 'इरोदोरी' नावाचे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह सर्वांस विनामूल्य खुले केले आहे. ते दूरध्वनीवर उतरवून घेऊन तो जेवणाच्या सुट्टीत वाची. अडचण एकच. आपले चुकले कोठे, हे सांगणारे कोणी नव्हते.

घरी ही हकीकत सांगताच कन्या म्हणाली, "बाबा, त्याला आपल्यात घेऊ. बाईंची फी वाटून घेता येईल." आम्ही घुटमळलो. वंगणाने माखलेल्या हातांचा कारागीर आमच्या दिवाणखान्यात, आमच्या मुलीच्या पंक्तीस विद्यार्थी म्हणून बसावयाचा! कारण म्हणून आम्ही दुसरेच काहीतरी पुढे केले. पण खरे कारण हेच होते, आणि ते सांगण्याजोगे नव्हते. आमच्या मंडळींनी ते नेमके ओळखले. त्या म्हणाल्या, "अहो, वाटणीला पाच डोकी लागतील. त्यांतलं एक तुमचं का नसावं?"

अशा रीतीने आमची शाळा सुरू झाली. कन्या, आम्ही, तो कारागीर, शेजारच्या गुजराती गृहस्थांचा मुलगा आणि प्रवाशांच्या हॉटेलात काम करणारी एक तरुणी, असे पाच विद्यार्थी. शनिवारी दोन तास शिकवणी. दर डोई तासास तीनशे शिलिंग. तेरा आठवड्यांचा हिशेब मांडला, तो आम्हां दोघांचे मिळून पंधरा हजार सहाशे झाले. मधल्या सहा दिवसांत फुकट मिळणारे धडे आपापले वाचावयाचे आणि शनिवारी केवळ अडलेले विचारावयाचे, असा बाईंचा दंडक होता. पैसा वाचला तो खरा या दंडकाने. जे पुस्तकातून मिळते त्यासाठी शिक्षकाचा तास खर्ची घालू नये, एवढे व्यवहारज्ञान आम्हांस पन्नाशीत प्राप्त झाले.

भाषा जसजशी उलगडू लागली तसतशी मौज वाटू लागली. अ, इ, उ, ए, ओ आणि त्यापुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, ही जपानी वर्णमालेची परंपरागत मांडणी बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णविचारावरून घडलेली आहे. वाक्यात क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे, अगदी मराठीसारखे. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु', म्हणजे मी भात खातो. शब्दाशब्दास जागा तीच. हे पाहून आमची मान ताठ झाली. परंतु उच्चारात कारागिराने आम्हांस मागे टाकले. स्वाहिलीतही स्वर पाचच, आणि तिचे बहुतेक शब्द स्वरान्त. त्यामुळे जपानी शब्द त्याच्या जिभेवर सहज बसत. आम्ही मात्र शेवटचा स्वर गिळत असू आणि ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करीत नसू. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या. मधला 'बा' लांबविला की तीच आजी होते. बाईंच्या मावशीची आम्ही इतक्या वेळा आजी केली की, शेवटी त्या हसू आवरीनात. मग असे ठरले की, व्याकरण आम्ही कारागिरास समजवावे आणि उच्चार त्याने आमच्याकडून घोटून घ्यावेत. वयाने आमच्या निम्म्या असलेल्या त्या मुलासमोर आम्ही 'पुन्हा म्हणा' ऐकत बसलो. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या आठवड्यास ती गेली.

डिसेंबरात नैरोबीत जपानीची जागतिक परीक्षा होते. तिच्या पाच पायऱ्यांपैकी सर्वांत खालच्या पायरीस आम्ही पाचहीजण बसलो. जानेवारीच्या अखेरीस निकाल लागला. कन्या उत्तीर्ण, कारागीर तिच्याहून अधिक गुणांनी उत्तीर्ण, उरलेली दोघेही उत्तीर्ण. आम्हांस एकशेऐंशीपैकी सत्त्याऐंशी गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यास ऐंशी पुरतात. पण ऐकण्याच्या भागात निदान एकोणीस मिळावे लागतात, आणि तेथे आम्हांस सतराच होते. सबब नापास!

"ऐकण्यात नापास ना?" मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्याला परीक्षा कशाला हवी होती? आम्हाला हे वीस वर्षं ठाऊक आहे."

शिष्यवृत्तीचा अर्ज यंदा जाईल. ती मिळेलच असे नाही. परंतु खर्च झालेले शिलिंग आता आम्हांस सलत नाहीत. परमुलखात स्वस्त शिकवणी शोधणाऱ्या पालकांस आमचे एवढेच सांगणे आहे की, शिक्षकाआधी सोबती शोधावेत, आणि ते केवळ आपल्याच ओटीवर शोधू नयेत.

गाडीचे कोडेही उलगडले. 'ईटीसी कादो गा सोन्यू सारेते इमासेन.' जपानातील पथकराचे कार्ड यंत्रात घातलेले नाही, एवढेच ती बिचारी सांगत होती. स्वागत वगैरे काही नव्हते. आता सकाळी ती बोलली की, आम्ही थांबून पूर्ण ऐकून घेतो. डिसेंबरात पुन्हा परीक्षेस बसावयाचे आहे.