चित्र तेंच, आवाज दुसरा

जुनी वस्तु दुरुस्तीस घेणें म्हणजे घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाशीं वाद घालावयास बसणें होय. आपण म्हणावें, ‘हें बिघडलें आहे’. आणि तिनें म्हणावें, ‘मी पहिल्यापासून अशीच आहें’. या वादांत बहुधा आपलाच पराजय होतो, हें ठाऊक असूनहि आम्हीं गेल्या दिवाळींत एक जुनी चित्रफीत दुरुस्तीस घेतली. त्या उद्योगांत आमचे तीन आठवडे गेले. त्याची हकीकत सांगण्याचें कारण इतकेंच कीं, आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कपाटांत अशी एखादी फीत पडलेली असेल व तिचा आवाज बदलावा असें त्यांनाहि केव्हां तरी वाटेल.

१९९४ सालच्या गणेशोत्सवांत मिरजेस आमच्या घरीं एक लहानशी बैठक झाली. बैठक म्हणजे सतरंजीवर दाटीनें बसलेले पंचवीस-तीस आप्तेष्ट, एक पेटी, एक तबला, आणि गावयास आमच्या आत्याबाई. आमचे मामा त्या वर्षीं आखातांतून रजेवर आले होते. त्यांचा चित्रफितीचा भला मोठा कॅमेरा आमच्या वडिलांनीं हौसेनें खांद्यावर घेतला व ते स्वयंपाकघराच्या दाराशीं उभे राहिले. काकांनीं आपला कॅसेट-रेकॉर्डर आत्याबाईंच्या पुढ्यांत ठेवून माइक त्यांच्या समोर उभा केला. याप्रमाणें भैरवींतल्या एकाच नाट्यपदाच्या दोन नोंदी झाल्या. एक चित्रासह, दुसरी केवळ आवाजाची. आत्याबाईंना आज एक्यायशीवें वर्ष चालू आहे. गळा आतां साथ देत नाहीं. तें गाणें एकदां पाहावें, अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली आणि आम्हीं फीत संगणकावर उतरवून घेतली.

चित्र बरें निघालें. आवाज मात्र विहिरींतून आल्यासारखा होता. त्याचें कारण पुढें समजलें. व्हीएचएस फितीच्या कडेला आवाजासाठीं जी अरुंद पट्टी असते तिच्यावरून फीत सेकंदाला सुमारें २.३४ सेंटिमीटर सरकते. साधी ध्वनिकॅसेट ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट वेगानें. फीत जितकी संथ, तितके बारीक आवाज तिच्यावर कमी उमटतात. शिवाय अशा कॅमेऱ्यांना एक खोड असे. गाणें क्षणभर थांबलें कीं यंत्र आपण होऊन कान टवकारी आणि पंख्याची घरघरच मोठी करून ऐकवी. तेव्हां चित्र कॅमेऱ्याचें ठेवावें व आवाज काकांच्या कॅसेटचा घालावा, असें आम्हीं ठरविलें.

यांत कांहीं अधर्म आहे असें आम्हांस वाटलें नाहीं. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत नटमंडळी स्वतःच गात हें खरें. परंतु १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें ‘भाग्यचक्र’ या बंगाली बोलपटांत पार्श्वगायन आणलें, आणि तेव्हांपासून ओंठ एकाचे व गळा दुसऱ्याचा हा संसार आपण नव्वद वर्षें गोड मानून घेतला आहे. येथें तर ओंठ व गळा दोन्हीं आत्याबाईंचेच होते.

आतां प्रश्न साधनाचा. आमच्या भाच्यानें मोबाइलवरील एक ॲप सुचविलें. त्यानें काम क्षणांत केलें आणि आत्याबाईंच्या डोक्यावर कोपऱ्यांत आपलें नांव छापून ठेवलें. दुसरें एक सॉफ्टवेअर उत्तम होतें, पण त्याला दरमहा वर्गणी. एका गाण्यासाठीं जन्मभर हप्ते भरण्याची आमची तयारी नव्हती. मग केडेनलाइव्ह व शॉटकट हीं विनामूल्य संपादन-साधनें पाहिलीं. त्यांत चित्राखालीं आवाजाच्या लाटा दिसतात, हें मोठें सुख. परंतु शेवटीं फाइल तयार करतांना तीं सबंध चित्र नव्यानें संकुचित करतात, आणि दर संकोचाबरोबर चित्राचें थोडें तेज जातें. आधींच फिकट झालेल्या चित्राला ही शिक्षा कशासाठीं? आवाजच तेवढा बदलावयाचा असेल, तर चित्राला हात न लावतां त्याची जशीच्या तशी नक्कल उतरविणारें साधन हवें. फाब्रिस बेलार यांनीं २००० सालीं आरंभिलेलें एफएफएमपेग हें काम उत्तम करतें. पण त्याच्याशीं लेखी आज्ञांच्या भाषेंत बोलावें लागतें, आणि एक अक्षर चुकलें तर तें मोडता घालतें. ॲव्हिडेमक्स तेंच काम खिडक्या-बटणांनीं करतें. चित्राच्या जागीं ‘नक्कल’ हा पर्याय ठेवावा व आवाजाच्या जागीं नवी फाइल निवडावी, इतकेंच. आम्हीं तें पत्करलें, आणि आवाज साफ करण्यासाठीं ऑडॅसिटी घेतलें. दोन्हीं विनामूल्य.

पहिल्या प्रयत्नांत आरंभ ठीक जुळला, पण गाणें जसजसें पुढें गेलें तसतसा आवाज चित्राच्या पुढें धावूं लागला. शेवटची सम ऐकूं आली तेव्हां चित्रांतल्या तबलजीचा हात अजून वरच होता! मोजून पाहिलें. चित्रांतलें गाणें ११ मिनिटें २० सेकंदांचें. कॅसेटवरचें ११ मिनिटें १४ सेकंदांचें. सहा सेकंद कोठें गेले? ऑडॅसिटींत यावर दोन उपाय आहेत. एकांत लय बदलते, सूर कायम राहतो. दुसऱ्यांत गति बदलते आणि तिच्याबरोबर सूरहि बदलतो. गाण्याच्या सुराला धक्का लावूं नये अशा शहाणपणानें आम्हीं पहिला उपाय योजिला. दोन्हीं टोकें जुळलीं. मोठ्या ऐटीनें आम्हीं आत्याबाईंना ऐकविलें.

त्यांनीं अर्धें कडवें ऐकून मान हलविली. “अरे, ही पट्टी माझी नव्हे. मी काळी चारांत गात असे. हें किंचित चढलंय.”

आम्ही ओशाळलों. काकांच्या रेकॉर्डरचे सेल त्या रात्रीं उतरत आले असावेत. नोंद होतांना फीत संथ फिरली, म्हणून नीट यंत्रावर वाजवितांना ती जलद वाजे. काल आखूड झाला आणि सूर चढला, दोन्हीं एकाच दोषाचीं अपत्यें. आम्हीं काल दुरुस्त केला आणि चढलेला सूर जपून ठेवला! सुमारें एक टक्क्याचा हा फरक म्हणजे अर्ध्या स्वराचाहि सहावा हिस्सा. तो आमच्या कानांस कळला नाहीं. ज्यांचें गाणें त्यांना तीस वर्षांनींहि कळला. दुसरा उपाय योजतांच सूर व काल एकदम ठिकाणावर आले. मात्र सेल एका क्षणीं नव्हे, हळूहळू उतरतात. म्हणून टोकें जुळूनहि मधला भाग थोडा हुकत होता. मग समेवर कापून गाण्याचे तीन तुकडे केले व प्रत्येकाची गति निरनिराळी बसविली.

पुन्हां ऐकविलें. या वेळीं आत्याबाईंनीं डोळे मिटून सबंध गाणें ऐकलें. मांडीवर बोटें ठेका धरीत होतीं. गाणें संपल्यावर त्या म्हणाल्या, “सुरेख झालंय.” आणि थोडें थांबून, “पण अण्णा कुठे गेले?”

अण्णा म्हणजे आमचे वडील. २००३ सालीं ते वारले. कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर होता, त्यामुळें त्या चित्रांत सगळें गणगोत आहे, एक तेच नाहींत. ते आहेत फक्त आवाजांत. धाकट्या बहिणीनें एक अवघड जागा घेतली तेव्हां कॅमेऱ्यालगत उमटलेला त्यांचा “वा, बाई!”, एकदां कोणा मुलास हलकेंच केलेलें “श्श, बस खालीं”, आणि शेवटीं, यंत्र बंद करण्यापूर्वीं, नुसता एक दीर्घ श्वास. पंख्याच्या घरघरीबरोबर हें सारें आम्हीं काढून टाकलें होतें. तें मूल आम्हीच होतों, हेंहि तेव्हां आठवलें.

प्रथम वाटलें, जुना आवाज नव्याच्या खालीं हलकेंच मिसळावा. तसें केलें, पण दोन नोंदी केसाइतक्या मागेंपुढें राहिल्या आणि गाणें पोकळ नळींतून आल्यासारखें झालें. मग भाचा म्हणाला, “वडिलांचे तेवढे शब्द कापून वर चिकटवूं.” तें कांहीं आम्हांस रुचलें नाहीं. अण्णांनीं ज्या आवाजाला दाद दिली तो दाराशीं ऐकूं आलेला होता; त्यांना उचलून माइकपाशीं नेऊन बसविणें म्हणजे न घडलेली बैठक भरविणें होतें.

अखेर उपाय सांपडला तो साधाच होता. मात्रोस्का नांवाचा एक फाइलींचा प्रकार २००२ पासून प्रचारांत आहे. त्यांत एका चित्राबरोबर अनेक आवाज शेजारीं शेजारीं ठेवतां येतात, आणि पाहणारानें हवा तो निवडावा. ॲव्हिडेमक्समध्यें तशी सोय आहेच. पहिल्या जागीं कॅसेटचा आवाज ठेवला, दुसऱ्या जागीं कॅमेऱ्याचा. जे वाचक या वाटेनें जातील त्यांना एकच सूचना: मूळ फाइल पुसूं नये, आणि मोबाइलवरून नातेवाइकांना व्हिडिओ म्हणून पाठविल्यास दुसरा आवाज वाटेंत गळून पडण्याचा संभव असतो, म्हणून पेनड्राइव्हवर द्यावी.

साधन निवडावयास बसलों तेव्हां तें किती स्वच्छ करतें, हीच आमची एक कसोटी होती. तें काय काढून टाकतें, हें विचारावयाचें आम्हांस सुचलें नाहीं.

आत्याबाईंकडे आतां ती फाइल दूरदर्शन-संचावर लागते. पाहुणे आले म्हणजे पहिला आवाज असतो, आणि पाहुणे माना डोलावतात. एरवीं दुपारीं नात शाळेंतून आली कीं आत्याबाई तिच्याकडून दुसरा लावून घेतात. नात कुरकुरते कीं यांत नीट ऐकूं येत नाहीं. आत्याबाई म्हणतात, “मला येतं.”