जन्मस्थळाचा रकाना

२०११च्या फेब्रुवारीत मी भाईंदर पूर्वेला प्रगणक होते. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, त्यात जनगणनेचे फॉर्म, हाताने काढलेला नकाशा, पाण्याची बाटली. आणि मग अंधार पडेपर्यंत जिने. माझ्या वाट्याच्या इमारती चार मजली, बिनलिफ्टच्या. ९ ते २८ तारीख, वीस दिवस. गुडघ्यांना अजून आठवतात.

दार अर्धंच उघडायचं. "रेशनकार्डासाठी का?" नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं, "आमची नावं गावाला आहेत हो ताई." मतदारयादी वेगळी, रेशनकार्ड वेगळं, ही मोजणी वेगळी, माणूस राहतो तिथेच मोजायचा, हे मी रोज तीस वेळा तरी सांगत असेन. तेवढं पटलं की चहा यायचा.

एकोणतीस प्रश्न होते. बाकीचे भराभर उरकायचे, जन्मस्थळापाशी मात्र गप्पा सुरू व्हायच्या. संगमेश्वर, जौनपूर, भावनगर, गिरगाव. एका मजल्यावर चार दारं आणि चार जिल्हे. गिरगावचे काका चाळीतली खोली विकून इथे वन-रूम-किचनमध्ये आलेले. "तेव्हा खिडकीतून मिठागर दिसायचं," म्हणाले. आता समोरच्याचं स्वयंपाकघर दिसत होतं. मोठ्या माणसांत "जन्म इथलाच" म्हणणारे वीस दिवसांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

मुलं तरी इथली निघतील असं मला वाटलं होतं. एका दारात माझ्याच वर्गातली मुलगी उभी. आईला विचारलं, हिचा जन्म कुठला? "देवरुखचा. पहिलं बाळंतपण माहेरी ना!" शेजारीही तेच, थोरली आजोळची, धाकटा तेवढा भाईंदरचा. स्थलांतराच्या कारणांत 'जन्मानंतर स्थलांतर' असा एक पर्याय होता, सांकेतिक क्रमांक पाच. प्रशिक्षणात आम्ही हसलो होतो, हा कुणाला लागणार म्हणून. आठवड्यात तो पाठ झाला.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर गेली आणि आमच्या मोजणीत आठ लाख नऊ हजार भरली. १९८५ची नगरपरिषद २००२मध्ये महानगरपालिका झाली, ती या गर्दीमुळेच. एवढी वाढ पाळण्यांतून होत नसते. ती लोकलमधून, टेम्पोतून, गोदरेजच्या कपाटासकट येते.

उत्तनला मोजणी करणाऱ्या मैत्रिणीची तक्रार नेमकी उलटी. कोळीवाड्यात तिचे स्थलांतराचे रकाने कोरेच राहायचे. बाहेरून आलेल्या त्या सुना, कारण विवाह, आणि अंतर तरी किती, तर गोराई नाहीतर मढ. महानगरपालिका एकच, पण तिचे फॉर्म आणि माझे फॉर्म शेजारी ठेवले तर दोन वेगळे देश वाटावेत.

खरं तर आम्ही सगळेच बेटावरचे. लोकलने नायगावकडे जाताना खाडीपुलावरून पाणजू दिसलं की लोक पोरांना दाखवतात, "ते बघ, बेट!" तिथे होडीने जातात, म्हणून ते बेट. आपण सोडली ती साष्टीही बेटच, पण डब्यात हे कुणाला सुचत नाही. सुचेल कसं? पाय ठेवायला जागा नसते.

माझं स्वतःचं घर दुसऱ्या प्रगणकाकडे होतं. ते सर रविवारी सकाळी आले. माझं जन्मस्थळ लालबाग, यजमानांचं राजापूर.

"मुलाचं?"

"मी भाईंदरचा!" तो आतून ओरडला.

मी हळूच म्हटलं, "परळ, सर. माहेरी होते तेव्हा."

सरांनी वर न बघता पाच लिहिलं आणि पान उलटलं.