काकूंचं देणं

मजासवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकू परळच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या. हुद्दा साहाय्यकाचा, काम पांढऱ्या उंदरांचं. वजनं घ्यायची, रक्त काढायचं, पिंजरे स्वच्छ ठेवायचे. त्यांच्या घरात चिकट सापळा कधी आला नाही. पावसाळ्यात जोगेश्वरीच्या चाळीत राहून हे पाळणं सोपं नाही. कुणी हसलं तर म्हणत, "माझ्या पगारात त्यांचा वाटा होता."

आमची मांजर सोनी म्हातारपणी हृदयाची रुग्ण झाली. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार मांजरांत बराच आढळतो. डॉक्टरांनी अॅटेनोलॉल दिलं: माणसांच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, सकाळ-संध्याकाळ. तो चतकोर करणं म्हणजे दिव्यच. सुरी लावली की निम्मी गोळी भुगा होऊन ओट्यावर. काकूंनी दाढीच्या नव्या ब्लेडनं ती कापून दाखवली, तुपाचं बोट लावून सोनीच्या जिभेच्या मुळाशी ठेवली आणि तिचा गळा चोळला. गोळी गेली.

पुढे सोनी फार पाणी पिऊ लागली. रक्तात क्रिएटिनिन चढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडं थकत होती. मग ती पायरीही चढेना. चाळीचं निदान एकच: वय झालं. काकूंनी मात्र तिला मांडीवर घेतलं, मागच्या पायाच्या आतल्या बाजूला बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"अगं, मिनिटाला शंभर ठोकेसुद्धा भरत नाहीत. मांजराला हे फार कमी. ही गोळी लघवीवाटे जाते, आणि हिची मूत्रपिंडं थकलीत. डॉक्टरांना आत्ता फोन कर. आपल्या मनानं बंद मात्र करू नकोस."

त्यांचं बरोबर होतं. अॅटेनोलॉल पाण्यात विरघळणारं औषध. यकृत त्याला फारसं हात लावत नाही, ते बहुतांशी जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तीच वाट अडली की आधीचा डोस पुरता जाण्याआधी पुढचा येऊन साचतो. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, आणि मूत्रपिंडाला मिळणारं रक्त आणखी घटतं. डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब तपासून डोस टप्प्याटप्प्यानं उतरवला.

मी विचारलं, यकृतातून जाणारं दुसरं औषध का नाही? काकू हसल्या. प्रोप्रॅनोलॉल तसंच आहे, पण १९८०च्या दशकातल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी तो भरवसाही डळमळवला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या उंदरांच्या रक्तात तेही जास्त उतरलं. उंदराच्या यकृतातून असं आजारी रक्त खेळवून पाहिलं, तर यकृतानं औषध कमी टिपलं. "मूत्रपिंड बसलं की यकृतही हातपाय गाळतं," काकू म्हणाल्या.

या औषधांच्या जन्मातही उंदीर आहेतच. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांचं आधीचं प्रोनेथॅलॉल मागे पडलं, कारण उंदरांत त्यामुळे गाठी झाल्या. त्याच्या जागी प्रोप्रॅनोलॉल आलं. ब्लॅक यांना १९८८चं नोबेल मिळालं, त्या उंदरांची नोंद तळटिपेत राहिली. ज्यांची मूत्रपिंडं आपण मुद्दाम बिघडवली, त्यांच्यामुळे माझी मांजर पुन्हा खिडकीत बसू लागली. या हिशेबाचं काय करायचं, ते मला आजही नीट सुचत नाही. काकूंना साडी द्यायला गेले, तर त्यांनी ती परत माझ्याच हातात ठेवली.

तुमच्या मांजराला, कुत्र्याला हृदयाची गोळी चालू असेल आणि मूत्रपिंडाचा अहवाल बिघडला, तर पशुवैद्यांना एवढं विचाराच: हे औषध शरीरातून जातं कुठल्या वाटेनं? आणि त्यांनी सांगेपर्यंत गोळी एकदम तोडू नका.