दहा सुरांवरची स्तोत्रं

कॅथीड्रलमध्ये एखादा पाहुणा कॉयर गायला आला, की मी ॲन्थमवरून, म्हणजे उपासनेत कॉयर म्हणतो त्या खास गीतावरून, त्याची पारख करत नाही. ॲन्थमवर महिना महिना तालमी झालेल्या असतात. ते रंगायलाच हवं. गाणारे किती पाण्यात आहेत ते कळतं स्तोत्रात. संध्याकाळच्या उपासनेत, म्हणजे इव्हनसाँगमध्ये, स्तोत्र सुरुवातीलाच येतं. ऐकायला ते इतकं साधं वाटतं की समोर बसलेले निम्मे लोक तेवढ्या वेळात छत बघून घेतात.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये छत बघायला कारणही आहे. वेदीच्या वर, दगडी फासळ्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं, कोरलेले देवदूत वाद्यं वाजवत बसलेत. आम्ही खाली उभे राहून गातो ती बाकंही त्याच काळातली, चौदाव्या शतकातली.

मी बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, गातो. उन्हाळ्यात कॅथीड्रलचा स्वतःचा कॉयर सुटीवर गेला, की रोजच्या उपासनेतलं गाणं बंद पडू नये म्हणून बाहेरगावचे हौशी कॉयर येऊन आठवडाभर गातात. आमचा त्यातलाच एक. ग्लॉस्टरचा आठवडा मिळाला, की मरियेच्या स्तुतिगीताची, म्हणजे मॅग्निफिकॅटची, कोणती चाल, कुणाचा ॲन्थम यावर बाकीच्यांची चर्चा सुरू होते. मी आधी तारखा बघतो, कारण तारखेवरून स्तोत्रं ठरतात. जुन्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत.

नगरच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत मी मोठा झालो. तिथं शब्द वृत्तात बसवलेले असत. इथं उलटा कारभार. स्तोत्राचा मजकूर गद्य, सोळाव्या शतकात कव्हरडेलने केलेलं भाषांतर. एक चरण सात शब्दांचा, तर पुढचा तीस शब्दांचा. आणि चाल? फक्त दहा सुरांची. पहिल्या अर्ध्या चरणाला चार, दुसऱ्याला सहा. प्रत्येक अर्ध्यातल्या पहिल्या सुरावर हवे तितके शब्द म्हणायचे, मग उरलेल्या सुरांवरून वाक्य खाली आणून टेकवायचं. कुठल्या अक्षरावर सूर बदलायचा त्याच्या उभ्या रेघा पुस्तकात छापलेल्या असतात. बाकी सगळं गाणाऱ्यांवर.

म्हणजे ठेका नाही. संचालक हात वर करतात तो सुरुवात दाखवायला. पुढं त्यांच्या हाताकडे बघून उपयोग नसतो. वीस-पंचवीस माणसांनी एकच वाक्य एकाच बोलीत, एकाच चालीनं बोलायचं, तेही चार वेगवेगळ्या सुरांत. नवखे गायक पहिल्या सुरावर शब्द भराभर उरकतात आणि सूर बदलायला लागला की एकदम मंदावतात. हे ऐकवत नाही. शेवटचा ‘त’ किंवा ‘द’ सगळ्यांनी एका क्षणी सोडला नाही, तर दगडी भिंती तो चार-पाच वेळा मोजून परत देतात.

आम्ही दोन बाजूंना विभागून उभे असतो: दक्षिणेची बाजू डीनची, उत्तरेची प्रीसेंटरची. दिंडीत टाळकरी समोरासमोर रांगा धरतात तसे, आणि चरण आळीपाळीनं म्हणतो. समोरच्यांचा चरण चालू असताना आपण रिकामे नसतो. त्यांनी वाक्य कोणत्या वजनानं टाकलं ते टिपायचं आणि तेच वजन उचलायचं. मधल्या विरामाची जागा तर सर्वांत अवघड. चरणाच्या मध्यावर थांबायचं, आणि इमारतीचं बोलून झालं की दुसरा अर्धा सुरू करायचा. किती थांबायचं हे कुणी सांगू शकत नाही, कारण ते दर इमारतीला वेगळं, आणि भरल्या कॅथीड्रलला वेगळं, रिकाम्याला वेगळं.

ग्लॉस्टरची इमारत बासला विशेष छळते. ऑर्गन बसलाय मुख्य सभागृह आणि गायकांची जागा यांच्या मधल्या दगडी भिंतीवर, 1666 सालच्या नक्षीदार लाकडी केसमध्ये. सभागृहाचे प्रचंड गोल खांब नॉर्मन काळातले, सेर्लो नावाच्या मठाधिपतीनं 1089मध्ये सुरू केलेल्या बांधकामातले. आमच्या बाजूला मात्र जुन्या नॉर्मन भिंतींवर चौदाव्या शतकातल्या गवंड्यांनी सडपातळ दगडी जाळी चढवली, आणि पूर्वेला बावीस मीटर उंचीची काचेची खिडकीच उभी केली. पडदे नाहीत, गालिचे नाहीत, दगड आणि काच. अशा जागी उंच सूर लवकर विरतात, खालचे रेंगाळत राहतात. त्यामुळे बासनं जोर लावला, की पुढच्या शब्दावर मागच्याच शब्दाची सावली पडते. घरी ज्या खर्जाचं कौतुक होतं तो इथं आवरून धरावा लागतो. आम्ही बासवाले हे दर उन्हाळ्यात विसरतो आणि दर सोमवारी आम्हाला त्याची आठवण करून दिली जाते.

या नव्या बांधकामामागे एक खून आहे, किंवा बहुतेकांना तसं वाटतं. 1327मध्ये पदच्युत राजा दुसरा एडवर्ड जवळच्या बर्कली किल्ल्यात कैदेत असताना मेला आणि त्याला इथं पुरलं. पुढं त्याचं थडगं पाहायला यात्रेकरू येऊ लागले, मठाला राजघराण्याचा आश्रय मिळाला, आणि बांधकामाला जोर आला. आठव्या हेन्रीनं मठ बुडवले तेव्हा, 1540मध्ये, हाही बुडाला. पण पुढच्याच वर्षी त्याचं कॅथीड्रल झालं. राजाचं थडगं होतं म्हणून ते वाचलं असं म्हणतात.

मला यात रस आहे तो स्तोत्रांपुरता. इथले मठवासी बेनेडिक्टच्या नियमानं चालायचे आणि दीडशे स्तोत्रं दर आठवड्याला पुरी करायचे, लॅटिनमध्ये, रात्री उठून सुद्धा. उभं राहून पाय दुखायचे म्हणून बाकांच्या घडीच्या फळ्यांखाली टेकायला लहानशी कड असे. फळी उचलली की त्या कडेखालचं कोरीवकाम दिसतं. एका फळीवर दोन पोरं चक्क चेंडू खेळताना कोरली आहेत. 1549मध्ये आर्चबिशप क्रॅनमरचं इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं आणि आठवड्याचा महिना झाला. भाषा बदलली, धर्मपंथ बदलला, मठवाशांच्या जागी पगारी गायक आणि शाळकरी मुलं आली, 2016पासून मुलीही. मधे यादवीच्या काळात इंग्लंडभर कॉयर मोडले आणि 1660मध्ये राजेशाहीबरोबर परत आले. स्तोत्रं तीच राहिली, आणि दोन बाजूंनी आळीपाळीनं म्हणायची रीतही.

ग्लॉस्टरचं संगीत म्हटलं की लोक मोठी नावं घेतात. सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली इथं अखेरपर्यंत ऑर्गनिस्ट होता. कॅथीड्रलांतल्या संगीताची किती आबाळ चालली आहे यावर त्यानं 1849मध्येच पुस्तिका काढून सगळ्या मोठ्यांचा रोष ओढवून घेतला होता. ग्लॉस्टर, वुस्टर, हेरफर्ड या तीन कॅथीड्रलांचा महोत्सव अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आळीपाळीनं भरतो. तो 1910मध्ये ग्लॉस्टरला होता. 6 सप्टेंबरच्या संध्याकाळी लोक संगीतकार एल्गारचं ‘ड्रीम ऑफ जेरॉन्शस’ ऐकायला आले होते. त्याआधी व्हॉन विल्यम्स नावाच्या त्या मानानं नव्या माणसानं आपली जुन्या संगीतकार टॅलिसच्या चालीवरची फँटसिया स्वतः सादर केली. केवळ तंतुवाद्यं: एक मोठा ताफा, नऊ वादकांचा दुसरा छोटा ताफा आणि एक चौकडी. श्रोत्यांत पुढं संगीतकार झालेला सतरा वर्षांचा हर्बर्ट हॉवेल्स आणि त्याचा मित्र आयव्हर गर्नी होते. नंतर व्हॉन विल्यम्स हॉवेल्सच्याच शेजारी येऊन बसला, हे हॉवेल्स म्हातारपणीही सांगत असे. त्या रात्री दोघं मित्र झोपले नाहीत, गावातल्या रस्त्यांतून फिरत राहिले.

टॅलिसची ती चाल 1567च्या सुमाराची, आणि तीही एका स्तोत्राची आहे, दुसऱ्या स्तोत्राची. मोठा ताफा काही म्हणतो आणि छोटा दुरून तेच उचलून धरतो, ते ऐकताना मला आमच्या दोन बाजू आठवतात. हे माझं मत. पुरावा मागू नका.

गर्नी याच कॅथीड्रलमध्ये लहानपणी कॉयरमध्ये गायला. पुढं पहिल्या महायुद्धात लढला, कविता लिहिल्या, गाणी रचली, आणि आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं मनोरुग्णालयात काढली. त्याच्या आठवणीच्या रंगीत काचा आता लेडी चॅपलच्या बाजूला आहेत. हॉवेल्सचा नऊ वर्षांचा मुलगा 1935मध्ये पोलिओनं गेला. त्यानंतर त्यानं लिहिलेलं ‘हिम्नस पॅरडायसी’ बरीच वर्षं कपाटात पडून होतं. 1950मध्ये ते इथंच पहिल्यांदा झालं, त्याच्याच संचालनात. त्यातही दोन स्तोत्रं आहेत, तेविसावं आणि एकशे एकविसावं. त्याचा 1946चा ‘ग्लॉस्टर सर्व्हिस’, म्हणजे मॅग्निफिकॅट वगैरेच्या त्याच्या चाली, गाताना हा माणूस याच दगडांखाली वाढला हे कळतं. सूर एकमेकांवर सांडणार हे धरूनच त्यानं लिहिलंय, आणि स्वर बदलण्याची घाई कुठंच नाही. कोरड्या हॉलमध्ये तेच संगीत उघडं पडतं. मी गाऊन पाहिलंय.

तरीही हॉवेल्सच्या मॅग्निफिकॅटपेक्षा आमचा कस त्या आधीच्या स्तोत्रात लागतो, आणि सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो त्यावरूनच. पुढच्या ऑगस्टमधल्या आमच्या आठवड्यात पंधरा तारीख येतेय. महिन्याच्या पंधराव्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र असतं, एकटंच, 73 चरणांचं. कॉयरमधली मुलं पिढ्यान्‌पिढ्या या तारखेच्या नावानं बोटं मोडत आली आहेत. समुद्र दुभंगतो, खडकातून पाणी येतं, मिसरात बेडूक आणि टोळ येतात, लोक पुन्हा पुन्हा विसरतात, देव पुन्हा पुन्हा रागावतो. संचालकांचं म्हणणं, पहिले सोळा चरण पुरेत, लोकांना बस पकडायची असते. माझं म्हणणं, मेंढ्यांच्या मागून उचलून आणलेला दावीद थेट शेवटच्या तीन-चार चरणांत येतो. तिथंवर जायचं नसेल तर निघायचंच कशाला? चाली दोन-तीन लागतील, मधे एखादी दुःखी सुरावटीची; मी काढून ठेवल्या आहेत. अल्टोंनी अजून काही ठरवलेलं नाही. पूर्ण स्तोत्राच्या बाजूनं बासवाल्यांच्या सह्या झाल्या आहेत, आता टेनरांना गाठायचं आहे.